गाडी वळताना घरघरते? आधी बेअरिंग तपासा

गाठी भरलेली गाडी वळणावर खालून घरघरू लागली, तर बहुधा चाकाचे बेअरिंग झिजलेले असते. टायर वेडेवाकडे झिजले तरी असा आवाज येतो, पण तो वळताना फारसा बदलत नाही. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर पडतो. तेव्हा आवाज वाढला तर उजवी बाजू पाहावी. उजवीकडे वळताना वाढला तर डावी. जॅक लावून, खाली पक्का आधार देऊन चाक हाताने फिरवावे, हलवावे. खरखर किंवा ढिलाई जाणवली की बेअरिंग बदलावेच. ग्रीसवर वेळ मारून नेऊ नये. बेअरिंग जाम झाले तर चाक निखळू शकते. माल पुन्हा भरता येईल. ड्रायव्हरची जान मात्र आपल्याकडे अमानत आहे.