मैत्रीची शिकवणी एकालाच का?

१६ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या वाट्याला काय काय येणार नाही, याची यादीच ऐकवली. नोकरी नाही, बेसबॉल नाही, कविता नाही, प्रेमाच्या माणसाबरोबर फिरायला जाणेही नाही. टीका झाल्यावर, आपण फक्त तीव्र ऑटिझमविषयी बोलत होतो, असा खुलासा त्यांनी केला. तरी ती यादी बोचत राहते, कारण तिच्यात एक फार जुना समज जसाच्या तसा परत आला आहे: या माणसांचे कोणाशी जुळणे शक्यच नाही. हा समज खोडायला सत्तर वर्षे लागली आणि तो खऱ्या अर्थाने हलला २०१२ नंतरच्या दशकात. त्या दशकाने मिळवून दिलेले इतक्या लवकर विसरले जावे, याचा राग येतो.

त्याआधीचा काळ भराभर ओलांडता येतो. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन केले आणि एकलेपणा हे त्यांचे ठळक लक्षण मानले. नावही तसेच पडले. ‘ऑटिझम’च्या मुळाशी ग्रीक ‘स्व’ आहे आणि मराठीत आपण त्याचे ‘स्वमग्नता’ केले. मला हा शब्द कधीच पटला नाही. मूल स्वतःतच बुडालेले आहे, असे एकदा म्हटले की त्याच्या शेजारी कोणी का बसत नाही, याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. पुढची कितीतरी वर्षे आयांना ‘थंड’ ठरवून मुलाच्या ऑटिझमचा दोष त्यांना देण्यात वाया गेली. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी वीस ऑटिस्टिक मुलांना बाहुल्यांचा एक प्रसंग दाखवला: बाहुली बाहेर गेली असताना हलवलेली गोटी ती परत आल्यावर कुठे शोधेल? सोळा मुले चुकली. प्रयोग नेटका होता, पण ‘यांना दुसऱ्याचे मन कळत नाही’ हे त्यातून निघालेले वाक्य सर्वत्र असे रुजले की दुसऱ्यांना यांचे मन कळते का, हे विचारायचे राहूनच गेले. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांना नेमके हेच सांगितले होते. तज्ज्ञांनी तेव्हा त्याची फारशी दखल घेतली नाही.

मग २०१२ उजाडले. त्या वर्षी ब्रिटनमधल्या डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने मांडले की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. दोघांनाही एकमेकांचे कळत नाही, पण दोष मात्र एकाच्याच माथी मारला जातो. त्याच वर्षी कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांचा साठ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि माझ्या मते मैत्रीच्या बाबतीत त्याचे मोल सर्वांत जास्त आहे. काही ठिकाणी ऑटिस्टिक मुलाला मैत्री जुळवायला शिकवले, काही ठिकाणी त्याच्या वर्गातल्या तीन मुलांना, काही ठिकाणी दोघांनाही. सहा आठवड्यांनी दिसले की जिथे वर्गमित्रांना शिकवले होते तिथे त्या मुलाला मित्र म्हणून निवडणारी मुले वाढली आणि मैदानावर त्याचे एकटे पडणे कमी झाले. २०१७ मध्ये नोआ सॅसन यांच्या गटाने आणखी एक गोष्ट उघड केली. काही सेकंदांच्या चित्रफिती पाहून लोक ऑटिस्टिक माणसाशी बोलायला कमी उत्सुक असत. तेच बोलणे फक्त लिहून वाचायला दिले की हा फरक नाहीसा होई. म्हणजे अडले होते ते आवाजाची पट्टी, हातवारे आणि नजर यांपाशी. बोलण्यात काही उणे नव्हते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. एक असा, की कौशल्ये शिकवल्याचा उपयोग होतो. कॅलिफोर्नियात आखलेल्या ‘पीअर्स’ कार्यक्रमात गप्पांत शिरावे कसे, कोणाला घरी कसे बोलवावे हे शिकलेल्या किशोरांच्या भेटीगाठी वाढल्या, असे २००९ च्या अभ्यासात दिसले. ज्याला हवे त्याने जरूर शिकावे. पण शिकवणी जेव्हा स्वतःला लपवण्याची होते तेव्हा ती महागात पडते. २०१८ च्या एका ब्रिटिश अभ्यासात अशा सततच्या सोंगाचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध आढळला. दुसरा आक्षेप असा, की या दशकातले सगळेच निष्कर्ष टिकलेले नाहीत. खरे आहे. कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या २०२० च्या प्रयोगात ऑटिस्टिक माणसांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी गोष्ट चांगली टिकली होती आणि मिश्र गटात ती जास्त गळाली होती. २०२५ मध्ये ३११ जणांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात गटांमध्ये असा फरक सापडला नाही. मिश्र गट मागे पडतोच असे नाही, हे त्यातून कळले. पण ऑटिस्टिक माणसे माहिती देण्याघेण्यात उणी पडत नाहीत, हा मुद्दा मोठ्या अभ्यासातही उभाच राहिला.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तो आला. वर्गात प्रवेशाचा हक्क मिळाला. पण मदत म्हणून सुचते ती शॅडो टीचर, म्हणजे मूल आणि वर्ग यांच्या मधोमध बसलेले एक मोठे माणूस. मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खायचा हे तिला ठरवता येत नाही. ते आजूबाजूच्या तीन मुलांना येते आणि त्यांना कोणी काही सांगितलेले नसते.

कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला, डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावात वाढला. त्याने बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जग पाहिले आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी तो गेला. त्याचा शोध घेत पत्रकार गावात पोचले तेव्हा त्यांना एकाहून अधिक लोकांनी दम भरला होता: यातून डॉनला त्रास झाला, तर गाठ आमच्याशी आहे.