फाट्यावरील शाळा आणि परिसर-शिक्षणातील लोकांचे साहाय्य

गावात पार, आड, ओढा यांना कोणी ना कोणी धनी असतो. घाण करणाऱ्याला हटकणारा एखादा वडीलधारा तेथे भेटतोच. फाट्यावर तशी स्थिती नसते. आपल्याच जिल्ह्यातील वारंगा फाटा पाहावा. हिंगोलीहून कळमनुरी, आखाडा बाळापूर करीत येणारा रस्ता आणि हदगावकडून येणारा नागपूर–तुळजापूर महामार्ग येथे एकत्र येऊन नांदेडकडे जातात. अशा ठिकाणी वस्ती वाढते ती नगराच्या रीतीने, कारभार मात्र ग्रामपंचायतीच्या बळावर चालतो. प्रवासी दहा मिनिटे थांबून निघून जातो आणि त्याचा चहाचा पेला मागे राहतो. त्या पेल्याचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच नसते.

फाट्यावरील मुले याच परिसरात वाढतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण-शिक्षण अनिवार्य करण्याविषयी निर्देश दिले. परिसर अभ्यास हा विषय आपण प्राथमिक वर्गांना शिकवतोही. तथापि शाळाभेटीत मला वारंवार असे आढळते की, पुस्तकातील नदीचे चित्र मुले झटकन ओळखतात, परंतु दारापुढील गटार पुढे कोठे जाते हे त्यांस सांगता येत नाही.

मी शिक्षक असताना एका बाजाराच्या गावी मोठ्या हौसेने स्वच्छता-फेरी काढली होती. घोषणा झाल्या, मुलांनी दुकानांपुढील कचरा वेचला. एक दुकानदार कौतुकाने म्हणाला, "गुरुजी, उद्यापासून रोज येत जा!" त्या वेळी मी हसलो; पुढे कित्येक दिवस ते वाक्य मला बोचत राहिले. दुकानदारांना मी आधी काही विचारले नव्हते, मुलांना काही शिकवले नव्हते. मी केवळ फुकटचे झाडूवाले पुरविले होते. अशा फेऱ्यांची छायाचित्रे आजही अहवालांतून येतात, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मग साहाय्य मागावयाचे कसे? एकच लहान काम घ्यावे आणि ते शाळा व शेजारी या दोघांच्याही गरजेचे असावे. फाट्यावरील शाळांसाठी मी पंक्चरच्या दुकानापुढील जुन्या टायरांचे काम सुचवीन. पावसाचे पाणी टायरात साचते आणि तेथे डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अंडी घालतो. पावसाळी हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावयास सांगते, त्याचे कारण हेच. हा डास मुख्यतः दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्या वेळात, आणि फार दूर उडत नाही. टायर शाळेजवळ असतील तर आजारही शाळेजवळच राहणार. शिवाय याची अंडी पाणी आटल्यावरही कित्येक महिने तग धरतात. तेव्हा टायर एकदा उपडा करून काम संपत नाही.

आता यात धडा कोणता? साचलेले पाणी शिक्षकाने स्वतः बरणीत आणावे, तोंडाला पातळ फडके बांधावे आणि मुलांना पाहू द्यावे. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर राहते, एडिसची अळी डोके खाली करून लोंबते. रोजची नोंद वहीत व्हावी. कोश दिसू लागताच पाणी कोरड्या मातीवर ओतावे. यात कुचराई नको. हीच बरणी पंक्चरवाल्याला दाखवावी. फलकासारख्या टांगलेल्या टायराला खालून भोक पाडणे, बाकीचे टायर पत्र्याखाली रचणे, निरुपयोगी टायर भंगारवाल्यास देणे, या गोष्टी त्याला शेकडो घोषणांपेक्षा लवकर पटतील. त्याची मुलेही बहुधा आपल्याच वर्गात असतात. मात्र त्याला दोषी ठरवून बोलू नये. दुकान त्याचे पोट आहे.

बोलणी कोणी करावी? शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या महिला असतात, हे आपण जाणताच. सह्यांपुरती बोलाविली जाणारी ही समिती अशा कामी फार उपयोगी पडते. आशा कार्यकर्तीला बरणी पाहावयास बोलवावे. ग्रामपंचायतीकडे जाताना मुलांच्या नोंदींची वही बरोबर न्यावी. नुसत्या अर्जापेक्षा तिचे वजन अधिक पडते.

मोठ्या नगरांतही काम अनेक हात लागूनच झाले आहे. मुंबईत धारावीलगत, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ती पूर्वी शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. निसर्गप्रेमी संस्था व शासकीय यंत्रणा एकत्र आल्या, १९८३ साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या हस्ते तेथे पहिले झाड लागले आणि १९९४ मध्ये उद्यान खुले झाले. आज शाळकरी मुले तेथे झाडे व पक्षी पाहावयास येतात. पहिल्या झाडापासून उद्यान खुले होईपर्यंत ११ वर्षे गेली, हे आपल्या उतावळ्या अहवालांनी ध्यानी घ्यावे. आपणापाशी ३७ एकर नाहीत. पण टायर पुष्कळ आहेत.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. मुलांना महामार्गाच्या कडेला नेऊ नये आणि त्यांच्या हातून कचरा वेचवू नये. त्यांनी आपल्या घरातील व अंगणातील पाण्याची भांडी मोजावी. रस्त्याकडील पाहणी शिक्षक व पालक यांनी करावी. समितीची पहिली बैठक शाळा उघडताच जूनमध्ये घ्यावी, टायर पावसाने भरण्याच्या आत.