वैदिकांनीं पाठ कसा राखला?

ऋग्वेदाचीं १० मंडलें व १०२८ सूक्तें शेंकडों वर्षें केवळ मुखोद्गत राहिलीं, याचें श्रेय आपण सामान्यतः पूर्वजांच्या स्मरणशक्तीस देतों. आमच्या मतें तें अर्धेंच खरें आहे. स्मरणशक्ति कितीहि तीव्र असली तरी केव्हां तरी दगा देते. आणि दगा दिल्याचें ज्याचें त्यास कळत नाहीं, ही तिची मोठी खोड! शिवाय या पाठावर कोणा एका राजाची अगर धर्मपीठाची देखरेख नव्हती. असें असतां दूरदूरच्या प्रांतांतील पाठकांच्या चालींत भेद असूनहि अक्षरें जवळजवळ एकच निघतात, तीं कशीं?

याचें इंगित पाठांच्या रचनेंत आहे. शाकल्यानें पदपाठांत संधि सोडवून प्रत्येक पद सुटें केलें. क्रमांत एक-दोन, दोन-तीन अशीं पदें जोडीनें येतात. जटेंत एक-दोन, दोन-एक, एक-दोन. आणि घनांत त्यापुढें एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. पदें उलटलीं कीं संधि बदलतो, त्यामुळें जिभेच्या सवयीवर भागत नाहीं. एका पदांत चूक शिरली तर ती अनेक ठिकाणीं उघडी पडते, व शेजारीं बसलेला कोणीहि वैदिक ती दाखवूं शकतो. केरळांत कडवल्लूर येथील 'अन्योन्य' सभेंत तर तिरुनावाय व त्रिशूर या दोन परंपरांचे नंबूतिरी एकमेकांची परीक्षाच घेतात.

अशा मुखपाठाची योग्यता शंकर पांडुरंग पंडितांनीं ओळखली. त्यांच्या अथर्ववेदाच्या आवृत्तींत (मुंबई, १८९५-९८) हस्तलिखितांच्या जोडीस जिवंत वैदिकांचे पाठहि घेतले आहेत.

परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पतंजलीनें ऋग्वेदाच्या २१ शाखा सांगितल्या. आज मुख्यतः शाकलच ऐकूं येते. स्त्रिया व इतर वर्ण यांस दार बंद ठेवणाऱ्या समूहास वारस अपुरे पडावे, यांत नवल तें काय? आपण सुशिक्षितांनीं तर मुलांस इंग्रजी शाळेंत घालून उरलेले वारसहि कमी केले.

युनेस्कोनें २००३ सालीं वेदपठणाचा गौरव केला. ध्वनिमुद्रणेंहि झालीं आहेत. मात्र शिष्याचा चुकलेला स्वर तीं कशीं सुधारणार? त्यास घनपाठीच हवा. तो तयार होण्यास बरींच वर्षें लागतात, आणि तोंपर्यंत त्याच्या घरचा निर्वाह कोणीं चालवावयाचा, हा प्रश्न अजून तसाच आहे.