पुंजसंगणकाचे संशोधन आणि आमची मुले

बारावीचे निकाल लागले की लातूर-नांदेडच्या घराघरांतून एकच चर्चा चालते: मुलास वैद्यकी मिळेल की अभियांत्रिकी? 'लातूर पॅटर्न'ने कष्टाळू विद्यार्थ्यांची जी परंपरा निर्माण केली, तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ज्यांची उत्तरे कोणत्याच पुस्तकात छापलेली नाहीत अशा प्रश्नांशी झगडण्याचा मार्गही मुलांपुढे असावा, असे आम्हांस वाटते. त्याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे; ते वाचकांपुढे ठेवतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटांच्या एका प्रोसेसरची संपूर्ण चाचणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत यशस्वी झाली. साध्या संगणकाचा घटक एका वेळी शून्य तरी असतो किंवा एक तरी. क्युबिट मात्र मोजून पाहीपर्यंत दोहोंच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. सहा क्युबिटांची अवस्था सांगावयास ६४ संख्या लागतात, आणि एकेक क्युबिट वाढताच त्या दुप्पट होतात. हे या यंत्राचे सामर्थ्य होय. पण ही अवस्था अतिशय नाजूक! किंचित उष्णतेनेही ती मोडते. म्हणून ही अतिसंवाहक मंडले उणे २७३ अंशांच्या आसपास, अंतराळाहूनही थंड अशा यंत्रात ठेवावी लागतात.

हे काम एकट्याचे नव्हे. क्युबिट टाटा संस्थेत घडविले गेले; तेथील प्रयोगशाळेचे नेतृत्व डॉ. आर. विजयराघवन करतात. नियंत्रणाची व मापनाची उपकरणे पुण्याच्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने जुळविली, आणि दुरून गणित पाठविण्याची सोय टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने केली.

अशा मंडळींचा प्रमुख सर्वज्ञ असणे शक्यच नाही. चिप घडविणारा, शीतयंत्र सांभाळणारा, आज्ञावली लिहिणारा, प्रत्येकजण आपल्या विषयात त्याहून अधिक जाणतो. उत्तर चुकले, तर दोष चिपमध्ये, तारेत की आज्ञावलीत, हे सर्वांनी मिळून शोधावयाचे असते. तेथे कोणी आपली चूक झाकली तर महिन्यांचे श्रम वाया जातात. म्हणून सर्वांत लहान सहकाऱ्यानेही निर्भयपणे शंका बोलून दाखवावी, असे वातावरण राखणे हे प्रमुखाचे पहिले कर्तव्य ठरते. आमच्या परीक्षा मात्र मुलांस एकट्याने धावावयास आणि चूक लपवावयास शिकवितात.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनास सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटांचे संगणक घडविण्याचा त्याचा संकल्प आहे. त्यास माणसे लागतील. १९९४ पासून नांदेडास विद्यापीठ आहे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तेथून पुढे जाण्याची वाट मोकळी आहे.

आईबापांस आमची एवढीच विनंती, की मुलाने अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारला, तर 'हे परीक्षेत येते काय?' असे न म्हणता त्याच्याबरोबर घटकाभर बसावे.