सावकाराला मर्यादा, कार्डाला नाही

सावकारीबद्दल आपण सभांमधून बोलतो. नुकत्याच नोकरीला लागलेल्या आपल्या मुलांच्या खिशातल्या क्रेडिट कार्डाचा व्याजदर मात्र क्वचितच कुणी विचारतो.

महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला बिगरशेतकरी कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. बँकांना हा कायदा लागू नाही. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, सर्रास लावतात! राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. हा विषय रिझर्व्ह बँकेचा, असे म्हटले. आणि रिझर्व्ह बँकेने कमाल दर ठरवलेला नाही. हे मला तरी न्याय्य वाटत नाही.

खरी मेख 'मिनिमम ड्यू'मध्ये आहे. २०,००० रुपयांच्या बिलावर १,००० भरले की लेट फी टळते, व्याज टळत नाही. उरलेल्या १९,००० वर महिन्याला ६६५ रुपये व्याज, वर १८ टक्के जीएसटी; झाले सुमारे ७८५. पुढच्या महिन्यात पुन्हा हजार भरले तरी मुद्दल जेमतेम २१५ रुपयांनी कमी होते. शिवाय बिनव्याजी मुदत जाते, त्यामुळे नवा किराणाही पहिल्या दिवसापासून व्याजावर.

अडकला असाल तर आधी कार्ड बाजूला ठेवा आणि थकबाकीचे कमी दराने हप्ते पाडून देण्याची बँकेकडे लेखी मागणी करा. चुकीची आकारणी असेल तर बँकेकडे तक्रार नोंदवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत दाद मागता येते. नुसता दर जास्त आहे, एवढ्या कारणावर मात्र तिथे काही होत नाही.