एकसष्टावे पत्र : नव्या कादंबरीकाराला एजंट मिळतो कसा?

एडिनबरोमध्ये सरकारी मदतीवर गुजराण करणाऱ्या एका तरुण आईने १९९५ च्या सुमारास आपल्या पहिल्या कादंबरीची सुरुवातीची प्रकरणे एका फोल्डरमध्ये घातली आणि टपालाने एका साहित्यिक एजंटकडे रवाना केली. उत्तरादाखल एक चिठ्ठी आली. माझी यादी भरली आहे आणि तुमचा फोल्डर पाकिटात मावला नाही, एवढाच तिचा आशय. नकारापेक्षा फोल्डर गेल्याचेच अधिक वाईट वाटले, कारण दुसरा विकत घ्यायचा तर हातात पैसे नव्हते, असे जे. के. रोलिंग यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले. ती प्रकरणे हॅरी पॉटरच्या पहिल्या कादंबरीची होती.

मराठी वाचकाला येथे प्रश्न पडेल, की या बाईंनी बाड थेट प्रकाशकाकडे का नेले नाही? आपल्याकडे लेखक हस्तलिखित घेऊन प्रकाशकाच्या कार्यालयाची पायरी चढतो, चहा होतो आणि ‘ठेवून जा, वाचून कळवतो’ या वाक्यावर भेट संपते. लंडन आणि न्यूयॉर्क येथील बड्या प्रकाशनसंस्था मात्र अनाहूत आलेली हस्तलिखिते सहसा वाचतच नाहीत. वाचण्याचे आणि निवडण्याचे पहिले काम त्यांनी केव्हाच एजंटांवर सोपविले आहे. त्यामुळे तेथील नवोदिताला प्रकाशकाच्या आधी एजंट शोधावा लागतो.

एजंट हा शब्द मराठी कानाला फारसा गोड लागत नाही. विम्याचा, जागेचा किंवा परवाना काढून देणारा एजंटच डोळ्यांसमोर येतो. साहित्यिक एजंटाच्या वाट्यालाही सुरुवातीला असाच तिरस्कार आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये ए. पी. वॅट यांनी लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करण्याचा व्यवसाय सुरू केला आणि मिळकतीवर दहा टक्के दलाली घेण्याचा पायंडा पाडला. प्रकाशक विल्यम हाइनमान यांच्यासारख्यांनी या नव्या जमातीवर जाहीर आगपाखड केली. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. तोवर करार म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या लेखकाशी व्यवहार करणे प्रकाशकाला सोयीचे होते.

आज ही दलाली मायदेशातील विक्रीवर साधारणतः १५ टक्के असते. परदेशातील व अनुवादाच्या हक्कांवर ती २० टक्के घेतली जाते, कारण त्यात तेथील सहएजंटाचाही वाटा असतो. ही रक्कम एजंट लेखकाच्या खिशातून आगाऊ घेत नाही. प्रकाशकाकडून पैसे आले की त्यातून आपला हिस्सा कापून उरलेले लेखकाला देतो. नव्या लेखकाने ध्यानात ठेवण्याची खूण हीच आहे. हस्तलिखित वाचण्यासाठीच शुल्क मागणारा, ‘संपादनाचे पैसे भरा, मग प्रकाशकाकडे पाठवतो’ असे सांगणारा माणूस एजंट म्हणवत असला तरी त्याचे उत्पन्न पुस्तक विकण्यावर अवलंबून नसते. ते नवोदिताच्या अधीरतेवर अवलंबून असते. ब्रिटन व अमेरिकेतील एजंटांच्या संघटनांना वाचनशुल्काची प्रथा मान्य नाही.

प्रत्यक्ष शोधाची रीत ठरलेली आहे. एक पानाचे पत्र, कथानकाचा शेवटासह सारांश आणि पहिली दोन-तीन प्रकरणे एवढेच पाठवायचे असते. पूर्वी ते टपालाने जात असे, आता बहुतेक ई-मेलने जाते. माहितीपर पुस्तक नुसत्या आराखड्यावर विकले जाऊ शकते, परंतु पहिली कादंबरी पूर्ण लिहून झालेली असावीच लागते. प्रकरणे आवडून एजंटाने उरलेले बाड मागितले आणि ते अजून लिहायचेच असले, तर संधी हातची जाते. शिवाय कोणता एजंट कोणत्या प्रकारची पुस्तके घेतो हे पाहूनच पत्र लिहावे लागते. रहस्यकथा घेणाऱ्याला बालकादंबरी पाठविणे म्हणजे नकाराला आमंत्रण देणेच होय.

अर्थात, रोलिंग यांच्या बाबतीत नेमके हेच घडणार होते. लंडनमध्ये १९०६ पासून निघणाऱ्या लेखक व कलावंतांच्या वार्षिक निर्देशिकेत नावे धुंडाळताना त्यांना ख्रिस्तोफर लिटल हे नाव आवडले. एखाद्या बालकथेतल्या पात्राचे शोभावे असे ते नाव होते, एवढेच कारण. वास्तविक लिटल यांची संस्था मुलांची पुस्तके घेत नव्हती. कार्यालयात काम करणाऱ्या ब्रायनी एव्हन्स या तरुणीने ते बाड नियमानुसार परत पाठविण्याच्या टोपलीत टाकले. पुढे टोपली रिकामी करताना सहज चाळले आणि चाळता चाळता ती वाचत गेली. उरलेले हस्तलिखित मागविणारे पत्र रोलिंग यांना गेले. ते आपण आठ वेळा वाचले, असे त्या सांगतात.

गोष्ट येथे संपत नाही, हे पुष्कळदा विसरले जाते. एजंट मिळाल्यानंतर बारा प्रकाशकांनी ही कादंबरी नाकारली. अखेर १९९६ मध्ये ब्लूम्सबरीने ती घेतली, तेव्हा आगाऊ मानधन अडीच हजार पौंडांहून अधिक नव्हते. जून १९९७ मध्ये पहिल्या आवृत्तीच्या पुठ्ठा बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या. एजंटाची खरी कामगिरी त्यानंतर दिसली. अमेरिकेतील हक्क ब्लूम्सबरीला दिलेले नव्हते. त्यामुळे त्यांचा स्वतंत्र लिलाव होऊ शकला आणि स्कोलास्टिक या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने त्यासाठी १ लाख ५ हजार डॉलर मोजले. एका अनोळखी लेखिकेच्या पहिल्या बालकादंबरीला एवढी रक्कम मिळणे तेव्हा अपूर्व होते. लेखिकेने पहिल्याच प्रकाशकाला जगभरचे सर्व हक्क एका सहीनिशी देऊन टाकले असते, तर या लिलावाची सूत्रे तिच्या एजंटाच्या हाती राहिलीच नसती. चित्रपट, अनुवाद, ध्वनिपुस्तक असे एकेक हक्क सुटे ठेवणे आणि वेळ पाहून विकणे, हा एजंटाच्या कसबाचा गाभा आहे.

टोपलीतून बाहेर येण्याचे असे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. अमेरिकी लेखिका कॅथरीन स्टॉकेट यांनी ‘द हेल्प’ ही कादंबरी लिहायला पाच वर्षे घेतली आणि नंतर साडेतीन वर्षे एजंटांचे नकार पचविले. हे नकार मोजून साठ होते. दरम्यान त्या गप्प बसल्या नव्हत्या. प्रत्येक नकारानंतर हस्तलिखितावर पुन्हा हात फिरवत होत्या. इतके होऊनही आपण तेच पुस्तक लिहीत बसलो आहोत हे सांगण्याची लाज वाटू लागली, तेव्हा शनिवार-रविवारी खोट्या सबबी सांगून हॉटेलच्या खोलीत जाऊन त्या लिहीत असत. एकसष्टाव्या पत्राला सुझन रॅमर यांनी होकार दिला आणि पुढच्या तीन आठवड्यांत कादंबरी विकली गेली. ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि प्रचंड खपली. साठ एजंट चुकले, असा याचा अर्थ काढण्याचा मोह होतो. परंतु पहिल्या पत्रासोबत गेलेली कादंबरी आणि एकसष्टाव्या पत्रासोबत गेलेली कादंबरी एकच नव्हती, हेही तितकेच खरे.

भारतात याच्या अगदी उलट एक घटना घडली. अरुंधती रॉय यांनी एजंट शोधलाच नव्हता. ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’चे हस्तलिखित हार्परकॉलिन्सच्या भारतीय शाखेत तेव्हा संपादक असलेले पंकज मिश्रा यांनी वाचले आणि लंडनला धाडले. तेथील एजंट डेव्हिड गॉडविन ते वाचून विमानाने थेट भारतात आले. १९९७ मध्ये या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास बेंगळुरूत जॅकरँडा ही साहित्यिक एजन्सी सुरू झाली, पुढे जयपूरमध्ये सियाही आली. आज भारतात इंग्रजीत लिहिणाऱ्या नवोदिताला देशातच ठोठावण्यासारखी काही दारे आहेत.

मराठीत हे दार नाही. एका अर्थी त्याची गरज भासली नाही, कारण वाचणारा आणि हस्तलिखिताला आकार देणारा माणूस प्रकाशनगृहातच बसलेला असे. ‘मौज’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांच्या लेखनावर घेतलेली मेहनत सर्वश्रुत आहे. ते काम जगातील कोणत्याही उत्तम एजंटाच्या पहिल्या कामाहून कमी नव्हते. मात्र एजंटाचे दुसरे काम, म्हणजे लेखकाच्या बाजूने करार वाचणे, प्रकाशकाच्या संपादकाकडून कसे अपेक्षावे? मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते आणि तिच्या मानधनाचे १५ टक्के म्हणजे एजंटाचा टेलिफोनखर्चही निघणार नाही, हे खरे. परंतु आता अनुवाद, ध्वनिपुस्तक आणि वेबमालिका यांचे हक्क विकले जाऊ लागले आहेत आणि मूळ पुस्तकाच्या मानधनापेक्षा अशा एखाद्या हक्काची किंमत मोठी असू शकते.

एजंट नसला तरी कायदा आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क दुसऱ्याला देणे लेखी व स्वाक्षरीनिशीच वैध ठरते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. दिलेला हक्क घेणाऱ्याने एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो संपुष्टात येतो. ‘सर्व हक्क, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ अशी ओळ छापील मसुद्यात असली, की यातील बरेचसे संरक्षण गळून पडते. पहिले पुस्तक निघते आहे या आनंदात ती ओळ सहसा वाचली जात नाही. लंडनमधल्या नवोदितासाठी ती ओळ त्याचा एजंट वाचतो आणि खोडतो. मराठी कादंबरीकाराला तो मसुदा घरी नेऊन, सहीपूर्वी, स्वतःच वाचावा लागतो.