दीड मिलिमीटर आणि एकोणचाळीस महिने
मोहरीचा दाणा साधारण दीड मिलिमीटरचा. शिश्नाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा व्यासही जवळपास तेवढाच, १ ते २ मिलिमीटर. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या करोनरी धमन्या ३ ते ४ मिलिमीटरच्या, तर मांडीतली फीमोरल ६ ते ८ मिलिमीटरची. या सगळ्यांमधून वाहणारं रक्त एकच. शुगर, बीपी, तंबाखू आणि कोलेस्टेरॉलचा मारही सगळ्यांवर एकदमच बसतो. तो आधी कुठे जाणवणार, हे मात्र व्यास ठरवतो.

नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. समजा, सगळीकडे आतून पाव मिलिमीटरचा थर चढला. ७ मिलिमीटरच्या धमनीतला प्रवाह साधारण २६ टक्क्यांनी घटेल. साडेतीन मिलिमीटरच्या धमनीत तो ५४ टक्क्यांवर येईल. दीड मिलिमीटरच्या धमनीत उरेल जेमतेम २० टक्के. शरीर म्हणजे सरळ नळ नव्हे, मोठ्या धमन्या पुष्कळ काळ निभावून नेतात. पण क्रम कळायला एवढं गणित पुरे.

खरं तर बिघाड थर साचण्याआधीच सुरू होतो. धमनीच्या आत पेशींचं एकपदरी अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्यामुळे धमनी सैलावते आणि रक्ताचा ओघ वाढतो. शिश्नाला ताठरता येण्यासाठी हा वायू लागतो, आणि जिना चढताना हृदयाला जादा रक्त मिळण्यासाठीही. या वायूचं काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला मंजुरी मिळाली. त्यातलं सिल्डेनाफिल आधी तपासलं जात होतं ते हृदयशूळावर!

मिलानमधले मूत्ररोगतज्ज्ञ फ्रान्चेस्को मोंतोर्सी आणि सहकाऱ्यांनी छातीत दुखतं म्हणून आलेल्या, अँजिओग्राफीत करोनरी आजार दिसलेल्या ३०० पुरुषांना लैंगिक तक्रारींबद्दल विचारलं. २००३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४९ टक्के पुरुषांना ताठरतेची अडचण होती. त्यांतल्या ६७ टक्क्यांच्या बाबतीत ही अडचण हृदयाच्या लक्षणांआधी सुरू झालेली होती, सरासरी जवळपास ३९ महिने आधी. मिनिटाला ७० ठोके धरले, तर एवढ्या काळात हृदय सुमारे १२ कोटी वेळा धडधडतं. इतकी लांब मुदत फार थोडे आजार देतात.

वय जितकं कमी, तितका हा इशारा गंभीर. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीत १,४०२ पुरुषांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीला कुणालाच हृदयविकाराचं निदान झालेलं नव्हतं. चाळिशीतल्या, ताठरता नीट असलेल्या पुरुषांत करोनरी आजाराचं वार्षिक प्रमाण दर हजारी १ पेक्षाही कमी निघालं. अडचण असलेल्यांत ते ४८ च्या वर गेलं. म्हणजे पन्नास पट! या वयात अडचण असणारे मुळात मोजकेच होते, त्यामुळे हा आकडा जरा हात राखूनच घ्यावा. सत्तरीपुढे मात्र हेच आकडे २३ आणि ३० असे जवळजवळ येतात.

आता पसारा पाहू. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका पाहणीत ४० ते ७० वयाच्या ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक अडचण होती. १९९५ साली जगात असे १५.२ कोटी पुरुष असावेत आणि २०२५ पर्यंत ते ३२.२ कोटी होतील, असा अंदाज बांधला गेला होता. या सगळ्यांचं हृदय आजारी असतं असं नाही. ताण, नैराश्य, काही औषधं, मधुमेहाने दुखावलेल्या नसा, हार्मोनची कमतरता हीही कारणं असतात. एकाएकी सुरू झालेली आणि पहाटेची ताठरता शाबूत असलेली तक्रार बहुधा मनाशी जोडलेली असते.

पण तीन वर्षांची ही मुदत आपल्याकडे जाते कुठे? रेल्वेलाइनलगतच्या भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींमागे, नाहीतर मेडिकलमधून गुपचूप आणलेल्या गोळीत. त्या गोळीने रात्र निभावते, धमनी तशीच राहते. वर एक धोकाही आहे. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तासांत छातीत दुखलं आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट ही छातीदुखीवरची गोळी ठेवली, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. त्याच जातीची टाडालाफिल घेतली असेल तर हीच मुदत ४८ तासांची.

तीन वर्षांची ती मुदत कामी आणली तर काय होईल, याचा अमेरिकेत हिशेब मांडला गेला. ताठरतेची तक्रार असलेल्या पुरुषांच्या हृदयाचीही तपासणी केली, तर २० वर्षांत सुमारे ११ लाख झटके आणि तत्सम घटना टळतील. तपासणीचा खर्च २७० कोटी डॉलर, वाचणारे पैसे २,१३० कोटी डॉलर. ही तपासणी म्हणजे तरी काय? बीपी, शुगर, लिपिड प्रोफाइल, गरज पडली तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट. तालुक्याच्या गावीही यातलं बरंचसं होतं. फक्त आधी डॉक्टरांनी विचारलं पाहिजे, आणि त्यांनी नाही विचारलं तर आपण सांगितलं पाहिजे.